एकशे वीस घरांची गाय

पिक्सेलला लांबी नसते, हे मला संगणक पाहण्याच्या चाळीस वर्षं आधीपासून माहीत आहे.

गेल्या महिन्यात वहिनीच्या वर्षश्राद्धासाठी तिचा फोटो मोठा करायचा होता. माझी नात संगणकापुढे बसली आणि म्हणाली, "आजोबा, फोटो बाराशे पिक्सेल रुंद आहे. म्हणजे किती इंच?" मी चष्मासुद्धा न लावता सांगितलं, की बाराशे म्हणजे नुसते बाराशे. एका इंचात किती बसवणार ते आधी ठरव, मग लांबी विचार. तीनशे बसवलेस तर चार इंच, शंभर बसवलेस तर बारा, पण मग वहिनीच्या गालावर चौकोन दिसतील. नात माझ्याकडे पाहतच राहिली. (ज्या माणसाला स्वतःच्या मोबाइलचा आवाज कमी करता येत नाही, त्याच्या तोंडून हे ऐकल्यावर कोणीही पाहत राहील.) तिनं विचारलं, हे कुठं शिकलात? मी म्हणालो, एका गाईपाशी. मग तिला सगळंच सांगावं लागलं.

तेव्हा महाराष्ट्र नवा होता आणि मापंही नवी होती. वार, फूट, इंच जाऊन मीटर-सेंटीमीटर आले होते. बुलढाण्याच्या बाजारातले कापडवाले दर्शनी भागात मीटरची पट्टी ठेवत आणि मोजायला मात्र गादीखालून जुना गज काढत. गावाबाहेर आमचा भाजीचा मळा होता. दादा वांगी, मिरच्या पिकवायचा, आबा, म्हणजे आमचे वडील, त्याच्यावर देखरेख करायचे आणि मी दोघांना सल्ले द्यायचो, कारण कॉलेजात गणित घेतलेला आमच्या सात पिढ्यांतला मी पहिलाच. पहिल्याच वर्षाला होतो, पण माझ्या बोलण्यावरून ते कोणाला कळत नसे.

वहिनी म्हणजे दादाची बायको. सुलतानपूरची. सातवी पास होऊन आली होती आणि तिच्या हातात सुई दिली की कापडावर पाखरं येऊन बसायची. आमच्या घरातली एकही उशी साधी राहिली नव्हती. आबांच्या पंच्याच्या कोपऱ्यावरसुद्धा तिनं एक मोर बसवला होता. आबा तो मोर आतल्या बाजूला घडी करून खांद्यावर टाकायचे, पण पंचा बदलायचे नाहीत.

एके दिवशी दादा बाजारातून बातमी घेऊन आला, की मुलींच्या शाळेत शिवण आणि भरतकाम शिकवायला बाई हव्यात. अट एवढीच, की फुलीच्या टाक्याचा एक नमुना भरून आणायचा. चित्र कोणतंही चालेल, पण बरोबर तीस सेंटीमीटर रुंद आणि वीस सेंटीमीटर उंच पाहिजे. शाळेनं त्या मापाच्या काचेच्या चौकटी आधीच करून ठेवल्या होत्या. चौकटीत न बसणारा नमुना सरळ बाद. नव्या मापांचा मुलींना परिचय व्हावा, असा त्यात हेतू होता म्हणे.

त्या दिवशी वहिनीनं भाजीत मीठ दोनदा घातलं. माय सासू असली तरी तिला सगळं समजायचं. तिनंच आबांपाशी विषय काढला. आबा सुपारी कातरता कातरता म्हणाले, "सूनबाई, एक डाव जाऊन पाह्य. झालं तर झालं. नाही झालं तर पुन्हा नोकरीचं नाव या घरात काढायचं नाही."

वहिनी "हाव" म्हणाली. त्या एका होकारावर तिचं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं आणि नेमक्या अशा नाजूक वेळी मी त्यात पडलो.

वहिनीकडे बायकांच्या एका मासिकातून निघालेला मोठा घडीचा कागद होता. त्यावर चौकोनांनी काढलेली गाय, पुढ्यात वासरू, आणि गाय त्याला चाटते आहे असं चित्र. भरतकामात त्या चौकोनांना घरं म्हणतात. कागदावरचं एक घर म्हणजे कापडावरची एक फुली. चित्र एकशे वीस घरं रुंद आणि ऐंशी घरं उंच होतं. मी कंपासपेटीतली पट्टी काढली, कागदावरचं एक घर मोजलं. अडीच मिलिमीटर! एकशे वीस गुणिले अडीच, तीनशे मिलिमीटर, म्हणजे तीस सेंटीमीटर. ऐंशी गुणिले अडीच, वीस सेंटीमीटर. मला तर साक्षात्कार झाल्यासारखंच वाटलं. साऱ्या जगात एवढी चित्रं असताना आमच्याच घरात बरोबर तीस बाय वीसची गाय निघावी!

मी गणित पाटीवर मांडून सगळ्यांना दाखवलं. दादानं मान डोलावली. (दादा कोणत्याही पाटीपुढे मान डोलवायचा.) वहिनी मात्र कापड हातात घेऊन उभी होती. जाडसर दोसुती, सुताचे उभे-आडवे चौकोन उठून दिसणारी. ती हळूच म्हणाली, "भाऊजी, हे घर कागदाचं मोजलं तुमी. कापडाचं घर येगळं नसंल काय?"

यावर शहाण्या माणसानं काय करायला हवं होतं? पट्टी कागदावरून उचलून कापडावर ठेवायला हवी होती. एवढंच. एक हात लांबचं काम. पण मी कॉलेजात होतो. मी म्हणालो, "वहिनी, घर म्हणजे घर. एकशे वीस इथं तर एकशे वीस तिथं. आकडा काय कापड पाहून बदलते?"

आकडा बदलत नाही, हे खरंच होतं. पंचाईत तिथंच होती.

नंतर मी कात्री मागितली. पाचेक सेंटीमीटर शिलाईला जास्तीचे धरून पस्तीस बाय पंचवीसचा तुकडा कापला. वहिनी म्हणत होती, कापायची घाई नको, भरून झाल्यावर कापू. मी म्हणालो, मग मोजलं कशाला? ती कापडाची चौघडी घालून मध्य काढायला लागली, कारण भरतकाम करणाऱ्या बायका चित्राच्या मधून सुरुवात करतात आणि चारी बाजूंना पसरत जातात. मी तेही थांबवलं. आलेखाचा आरंभ कोपऱ्यापासून होतो, हे मी नुकतंच शिकलो होतो. शिलाईची जागा सोडून वरच्या डाव्या कोपऱ्याला पेन्सिलनं शून्य काढून दिलं आणि म्हणालो, "इथून निघायचं, वहिनी. बिनचूक पोचशील."

तीन आठवडे ती भरत होती. सकाळचा स्वयंपाक आटपला की ओट्यावर बसायची, उन्हं कलेपर्यंत. आधी वासरू आलं, मग गाईचं तोंड, डोळा, मग गळ्यातला तांबडा पट्टा. गाय इतकी जिवंत दिसायला लागली, की शेजारच्या बाईनं येताना कडबा आणू का म्हणून विचारलं. मी रोज कॉलेजातून आलो की पाहणी करायचो आणि 'अठ्ठावन्न घरं झाली, बासष्ट उरली' असं मोठ्यानं जाहीर करायचो. मी मोजायचो ती फक्त घरं. कापड किती उरलं हे मोजायचं मला एकदाही सुचलं नाही!

मध्ये एकदा वहिनीनं वीत टाकून दाखवली. वासरापासून गाईच्या खांद्यापर्यंत कागदावर एक वीत भरत होती, कापडावर वीत आणि वर तीन बोटं. मी क्षणभर गडबडलो. पण गणित घेतलेला माणूस फार वेळ गडबडत नाही, तो कारण शोधतो. मी म्हणालो, भरताना दोरा फुगतो, धुतल्यावर बसेल. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, थोडं हसली आणि पुन्हा सुईत दोरा ओवला.

शाळेत जायला चार दिवस उरले असताना सत्त्याण्णवाव्या घरावर कापड संपलं.

तेवीस घरं बाकी होती. त्या तेवीस घरांत गाईचा मागचा भाग होता, मागचे पाय होते आणि शेपूट होतं. खालच्या बाजूनंही तेरा ओळी कमी पडल्या होत्या, म्हणून पुढच्या पायांना खूर नव्हते. अशी ती अर्धी गाय कापडाच्या काठाला धडकून उभी होती, जणू अंगणातून घरात शिरताना दारात अडकली. माय शांतपणे म्हणाली, "मागची कुठं गेली वं?"

मी पाटी काढली. गणित पुन्हा केलं. गणित बरोबरच होतं. त्यानं मला आणखी घाम फुटला. मग पहिल्यांदा पट्टी कापडावर ठेवली. दहा सेंटीमीटरमध्ये कागदावर चाळीस घरं बसत होती, कापडावर तीस. म्हणजे एकशे वीस घरं कापडावर चाळीस सेंटीमीटर होणार होती. कापड मी पस्तीसचं कापलं होतं. आणि चौकट तिसाची.

इथं मी गप्प बसलो असतो तरी बरं झालं असतं. पण चूक करणाऱ्या माणसाला दुरुस्तीची फार घाई असते. मी म्हणालो, कापड आटवू! नवं कापड गरम पाण्यात आटतं हे सगळ्यांना माहीत आहे. चाळिसाचं तिसावर आणायचं म्हणजे चौथा हिस्सा आटवायचा. कोणी काही म्हणायच्या आत मी चुलीवरच्या हंड्यात गाय सोडली आणि झाकण ठेवलं.

झाकण काढलं तेव्हा पाणी तांबडं झालं होतं. गळ्यातला पट्टा सुटून गाईच्या सर्वांगाला लागला होता. कापड आटलं होतं, नाही असं नाही, पण उभं आटलं, आडवं तसंच राहिलं. बाहेर निघाली ती एक बुटकी, गुलाबी, बिनशेपटीची गाय. वासरू तिच्याकडे आता वेगळ्याच नजरेनं पाहत होतं. आबांनी ती काठीनं वर उचलून उन्हात धरली आणि विचारलं, "हे कोनतं जनावर हाय?"

वहिनी स्वयंपाकघरात गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. त्या वेळी मला जेवढी लाज वाटली तेवढी पुढे कधी नापास झाल्यावरही वाटली नाही. तिला एकच संधी होती आणि ती मी मोजून, मापून, कापून, वर उकळून काढली होती.

थोड्या वेळानं वहिनी बाहेर आली. हातात उरलेलं कापड होतं. सगळे रडके चेहरे पाहून म्हणाली, "भाऊजी, उठा. पट्टी आना."

तिनं कापडावर दहा सेंटीमीटर मोजायला लावले. तीस घरं. मग ती बोटांवर म्हणाली, तिसाला नव्वद, विसाला साठ. झालं गणित. नव्वद बाय साठ घरांत गाय बसत नाही, वासरू बसतं. तिनं कागदावरचं एकटं वासरू उचललं, भोवती वेलीचा काठ धरला, कापडाची चौघडी घातली, मध्य काढला आणि पहिली फुली बरोबर मधोमध घातली. कात्रीला कोणी हात लावायचा नाही असं तिनं सांगितलं. 'कोणी' म्हणताना ती माझ्याकडे पाहत नव्हती, हा तिचा मोठेपणा.

ते चार दिवस आमचं घर एखाद्या कार्याच्या घरासारखं चाललं. माय चुलीपाशी उभी राहिली. दादा दुपारी मळ्यातून येऊन धुणं वाळत घालू लागला, जे त्यानं जन्मात केलं नव्हतं. मला सुया ओवायचं काम मिळालं. (सुईच्या भोकाचं माप मी काढलं नाही.) आणि आबा! एकच डाव म्हणणारे आबा दारात खाट टाकून बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाहेरूनच परत पाठवू लागले. म्हणायचे, सूनबाई कामात हाय, आता कोनाले येता येनार नाही.

शाळेत मी वहिनीसोबत गेलो. खरं तर मला घरी ठेवायचं ठरलं होतं, पण तीच म्हणाली की येऊ द्या. मी व्हरांड्यात खिडकीपाशी उभा राहिलो. आत तपासणीला आलेल्या बाई होत्या, जाड चष्म्याच्या, हातात लोखंडी पट्टी. त्यांनी वासरावर पट्टी ठेवली. रुंदी तीस. उंची वीस. पट्टी फिरवून पुन्हा ठेवली. पुन्हा तीस, पुन्हा वीस. 

आणि तेवढ्यात त्यांची नजर गुंडाळलेल्या फडक्यावर पडली. वासराला धूळ लागू नये म्हणून वहिनीनं ते घरातल्या एका निरुपयोगी कापडात गुंडाळून आणलं होतं. म्हणजे गाईत!

"हे काय आहे?" बाईंनी ती गुलाबी गाय दोन बोटांत धरून वर केली.

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, जुनं फडकं आहे. वहिनी म्हणाली, "पह्यला नमुना हाय बाई. बिघडला."

"कशानं बिघडला?"

खिडकीबाहेर मी डोळे मिटून घेतले. वहिनी सावकाश बोलली. "कागदावरच्या घराले लांबी नसते बाई. ते नुसतं गिनतीचं. लांबी कापडाच्या सुतात असते. कापड जाड तर गाय मोठी, बारीक तर लहान. म्हनून पह्यले दहा सेंटीमीटरात किती घरं येतात ते पाहा, मंग चित्र निवडा. आमी उलटं केलं."

'आमी' म्हणाली ती. माझं नाव घेतलं नाही.

बाईंनी दोन्ही कापडं शेजारी ठेवली, चष्मा वर केला आणि विचारलं, मुलींना हे असंच समजावून सांगाल का? वहिनी म्हणाली, "हाव. पन गाय मले परत द्या. तिच्याबिगर नाही समजनार."

नोकरी मिळाली. आबांनी गावात पेढे वाटले आणि त्या दिवशी पंचा मोर बाहेर दिसेल असा टाकला.

वासरू शाळेनं काचेत लावलं. गाय वहिनीच्या वर्गात भिंतीवर गेली आणि वहिनी निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिली. दरवर्षी नव्या मुली आल्या, की पहिला तास गाईचा. वहिनीनं माझं नाव कधीच सांगितलं नाही, पण बुलढाणा हे काही एवढं मोठं गाव नाही. पुढे मी हिवरा आश्रमाकडच्या एका गावी मुलगी पाहायला गेलो. मुलगी शिकायला बुलढाण्याला होती. वडीलधाऱ्यांनी तिला म्हटलं, काही विचारायचं असेल तर विचार. तिनं मान खाली घालूनच विचारलं, "गाय उकळनारे तुमीच काय?" मी हो म्हणालो. लग्न ठरलं. आजतागायत पडद्याचं कापड आणायला ती मला पाठवत नाही.

आणि मधली एक गोष्ट राहिली. दुसऱ्या वर्षी मी गणितातच नापास झालो. आबा म्हणाले, पुरे झालं, मळ्यात ये. तेव्हा वहिनी मध्ये पडली. म्हणाली, शिकू द्या भाऊजीले, मी पाहीन. माझी पुढची सगळी वर्षं तिच्या पगारावर झाली. मी मास्तर झालो, चार पोरांना गणित शिकवलं, ते तिच्यामुळे. एकदा मी तिला विचारलं, की तुला पहिल्याच दिवशी चूक कळली होती, तर तू माझं ऐकलंस काऊन? ती हसली. म्हणाली, "तुमी किती आवडीनं मोजून राह्यले होते. या घरात माह्यासाठी कोनी पह्यल्यांदाच पट्टी हाती घेतली होती. तुमाले कसं थांबवू?"

मी तिच्या सुईत दोरा ओवून दिला.

मागल्या वर्षी वहिनी गेली. तेराव्याला गुरुजी सांगत होते, की मेल्यावर वैतरणी नदी लागते आणि दान दिलेल्या गाईचं शेपूट धरून ती पार करावी लागते. मी आजवर एकच गाय केली आणि तिचं शेपूट तेवीस घरं कापडाबाहेर राहिलं. त्यामुळे माझी वेळ येईल तेव्हा काठावर उभा राहून मला हाकच मारावी लागणार आहे, आणि मला खात्री आहे, की वहिनी पलीकडून येईल, पाण्याची रुंदी विचारणार नाही, नुसता पदर पुढे करील आणि म्हणेल, "भाऊजी, धरा. अन् काही मोजू नका."